स्कॅनर जरूर घ्या, पण आमच्या काचांवर पारखून घ्या

मा. अध्यक्ष, विश्वस्त मंडळ व खरेदी समितीचे सर्व सदस्य, तसेच ज्यांच्या देणगीतून हे यंत्र येणार आहे ते कुटुंबीय यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात डिजिटल स्लाईड स्कॅनरच्या, म्हणजे तपासणीच्या काचांची (स्लाईडची) चित्रे घेणाऱ्या यंत्राच्या, तीन कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता माझ्याकडे सहीसाठी आला. मी सही केलेली नाही. का केली नाही, ते बैठकीत पाच मिनिटांत सांगून भागणारे नाही, म्हणून हे पत्र. आणि ते उघड लिहिते आहे, कारण आपल्या रुग्णालयाची पहिली इमारत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराघरांतून गोळा झालेल्या वर्गणीवर उभी राहिली, आणि हे यंत्रही एका मुलाने आईच्या स्मरणार्थ दिलेल्या पैशातून येते आहे. त्या पैशाचे काय होणार आहे, हे देणाऱ्यालाही कळायला हवे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. स्कॅनर आपल्याला हवा आहे. गेली सात-आठ वर्षे मीच त्याच्या मागे लागले आहे.

दोन वर्षांपूर्वी भिंडकडचा एक तरुण वडिलांच्या काचा न्यायला आला होता. मानेतली गाठ होती. लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग, आहे एवढे दिसत होते, पण नेमका कोणता, याचा निकाल आमच्याकडच्या स्टेनवर, म्हणजे काच रंगवण्याच्या पद्धतींवर, लागेना. मुंबईला परळला दाखवायचे ठरले. आम्ही बारा काचा दिल्या. त्याने त्या औषधाच्या खोक्यात कापूस भरून ठेवल्या आणि पंजाब मेलने गेला. वाटेत तीन फुटल्या. त्यातली एक अशी होती की तिच्या ब्लॉकमधला, म्हणजे मेणाच्या ठोकळ्यातला, टिश्यू संपला होता, दुसरी काच कापणे शक्यच नव्हते. परत आला तेव्हा त्या काचेचे तुकडे त्याने रुमालात बांधून आणले होते आणि माझ्या टेबलावर ठेवून तो उभा राहिला. "मॅडम, ये जुड़ जाएगी क्या?" एवढेच त्याने विचारले. त्या काचेचे चित्र आमच्या सर्व्हरवर असते, तर त्याला तो प्रवासही करावा लागला नसता. हे मी विसरू शकत नाही, म्हणून स्कॅनर हवा. आणि म्हणूनच तो चुकीचा यायला नको.

समितीत सगळेच डॉक्टर नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. शस्त्रक्रियेत किंवा बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवतात, त्याचा तीन-चार मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा पापुद्रा कापतात, काचेवर घेऊन रंगवतात, वरून डीपीएक्स नावाचा चिकट द्रव लावून पातळ कव्हरस्लिप बसवतात. आम्ही ती काच मायक्रोस्कोपखाली बघतो. स्कॅनर काय करतो, तर काचेचा आधी एक लहानसा संपूर्ण फोटो घेतो, त्यात टिश्यू कुठे आहे ते स्वतः ओळखतो आणि मग तेवढ्याच भागाची पट्ट्या-पट्ट्यांनी किंवा चौकोना-चौकोनांनी बारीक चित्रे घेऊन ती एकमेकांना जोडतो. पडद्यावर आपण ते फोनवरच्या नकाशासारखे मोठे-लहान करून पाहतो. या सगळ्यात "टिश्यू कुठे आहे ते स्वतः ओळखतो" हे वाक्य लक्षात ठेवावे, ही विनंती. माझी सही तिथेच अडली आहे.

मार्चमध्ये तीनपैकी एका कंपनीने आपल्याकडे दोन दिवसांचा डेमो दिला. पहिल्या दिवशी समितीचे सदस्य हजर होते. इंजिनिअरने स्वतःसोबत आणलेल्या काचा लावल्या. चित्रे खरोखर सुंदर होती, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी समितीतले कोणी नव्हते. आमच्या लॅबचे सगळ्यात जुने टेक्निशियन, ज्यांना धाकटे-मोठे सगळेच भाऊ म्हणतात, त्यांनी आमच्या मागच्या वर्षीच्या वीस काचा काढून दिल्या. त्यात एक स्तनाची कोअर बायोप्सी होती. सुईने काढलेले बारीक दोऱ्यासारखे तुकडे, काही चरबीचेच.

काच स्कॅन झाली. चित्र स्वच्छ होते. मी बघितले, मला काही खटकले नाही. भाऊंनी काच हातात घेऊन ट्यूबलाइटसमोर धरली, डोळे बारीक केले आणि बोटाने मोजायला लागले. मग पडद्याकडे पाहून पुन्हा मोजले.

"मॅडम, काचेवर सात आहेत. इथे सहाच दिसतायत."

सातवा तुकडा चरबीचा होता. चरबी रंग फारसा धरत नाही, काचेवर जवळपास पारदर्शक दिसते. यंत्राने ती रिकामी काच समजून सोडून दिली होती. आणि त्या तुकड्यात, चरबीच्या पेशींच्या मधून, एकामागे एक मुंग्यांच्या रांगेसारख्या चाललेल्या लोब्युलर कार्सिनोमाच्या, स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकाराच्या, पेशी होत्या. बाकीच्या सहा तुकड्यांत निदान करण्यासारखे काही नव्हते. त्या बाईंचे निदान आम्ही मागच्या वर्षी काचेवरूनच केले होते, त्यांचे उपचारही झाले. पण पडद्यावरून केले असते तर रिपोर्टवर मी "कर्करोग आढळला नाही" असे लिहून सही केली असती.

इंजिनिअर सज्जन होते. त्यांनी माउसने त्या तुकड्याभोवती चौकट काढली, पुन्हा स्कॅन केले, तुकडा आला. "हो गया मॅडम." भाऊंनी अगदी साधेपणाने विचारले, "रात को जब मशीन अकेली चलेगी, तब ये डिब्बा कौन बनाएगा?"

या प्रश्नाला तक्त्यात रकाना नाही. तक्त्यात किंमत आहे, एका वेळी किती काचा बसतात ते आहे, तासाला किती होतात ते आहे, ४०एक्स हा मोठे करून दाखवण्याचा आकडा आहे, वॉरंटी आहे. आपल्या काचा कुठेच नाहीत.

तो दोष त्या एका यंत्राचाच आहे असे मी म्हणत नाही. फिका, विरळ टिश्यू सुटणे ही या सगळ्या तंत्राची माहीत असलेली दुखरी जागा आहे. कोणत्या यंत्रात ती ओळखण्याची तीव्रता आपल्याला वाढवता येते, कोणत्यात "संपूर्ण काच स्कॅन कर" असा हुकूम एका बटणाने देता येतो, कोणते यंत्र काचेचा सुरुवातीचा छोटा फोटो चित्राशेजारी ठेवून तुकडे मोजायची सोय देते, यांत फरक आहे. तो फरक माहितीपत्रकात सापडत नाही. आपल्या काचा लावल्यावरच कळतो.

आता तक्त्यातल्या आकड्यांकडे येते, कारण तेही दिसतात तसे नाहीत.

"४०एक्स" या शब्दावर समितीत बरीच चर्चा झाल्याचे कळले. अनेक स्कॅनरांमध्ये लेन्स २०एक्सचीच असते आणि कॅमेऱ्याच्या बारीक पिक्सेलमुळे चित्र ४०एक्सच्या तोडीचे मिळते. यात फसवणूक नाही. पण विचारायचे ते दोन वेगळे आकडे. एका पिक्सेलमध्ये किती मायक्रॉन, हा पहिला. ४०एक्स म्हणतात तेव्हा तो साधारण ०.२५ असतो, २०एक्सला ०.५. दुसरा आकडा लेन्सच्या न्यूमेरिकल अपर्चरचा, तो पुष्कळ यंत्रांत ०.७५ असतो. दोन बारीक ठिपके वेगळे दिसणार की एकच डाग दिसणार, हे या दुसऱ्या आकड्यावर ठरते. ०.७५ ला ती मर्यादा साधारण ०.४५ मायक्रॉनवर येते, मग कॅमेरा कितीही भारी लावा. तिन्ही कोटेशनांपैकी एकातच हा आकडा दिला आहे. बाकी दोघांकडून लेखी मागवावा.

"तासाला इतक्या काचा" हा आकडा बहुतेक वेळा १५ बाय १५ मिलिमीटरच्या टिश्यूवर मोजलेला असतो, म्हणजे २२५ चौरस मिलिमीटर. एंडोस्कोपीच्या बायोप्सीला तो लागू पडेल, उलट थोडा वेळ वाचेलही. पण आपल्याकडे गर्भाशय येते, जबड्यासह काढलेली तोंडाची गाठ येते, पित्ताशय येते. गुटख्याने खराब केलेली तोंडे आपल्या भागात किती आहेत, हे मी विश्वस्तांना सांगायला नको. त्या काचांवर टिश्यू ४० बाय २० मिलिमीटरपर्यंत पसरलेला असतो. म्हणजे ८०० चौरस मिलिमीटर, साडेतीन पटींहून जास्त. यंत्राचा वेगही त्याच हिशेबाने खाली येणार.

साठवणुकीचा हिशेब मी घरी कागदावर मांडून पाहिला आणि तोच मला सगळ्यात काळजीचा वाटतो. ०.२५ मायक्रॉनला एका मिलिमीटरचे ४,००० पिक्सेल होतात. १५ मिलिमीटरचे ६०,०००. लांबी-रुंदी गुणली की एका काचेचे ३६० कोटी पिक्सेल. दाबून लहान केल्यावरही फाइल साधारण एक जीबीच्या आसपास धरावी लागते, टिश्यू मोठा असेल तर कितीतरी जास्त. आपल्याकडे रोज सरासरी १२० काचा होतात. रोजचे १२० जीबी, ३०० दिवसांचे ३६ टीबी. कोटेशनमध्ये दिलेला सर्व्हर २० टीबीचा आहे, तो सातव्या महिन्यातच भरेल. आणि दुसरी प्रत? ती ठेवलीच पाहिजे, कारण एक डिस्क गेली की शेकडो पेशंटची चित्रे गेली. सगळ्या काचा ४०एक्सला घ्यायची गरज नाही असे माझे मत आहे. पित्ताशय, अपेंडिक्स, गर्भाशय यांना २०एक्स पुरते आणि फाइल साधारण चौथाईवर येते. लिम्फ नोड, किडनी, अस्थिमज्जा यांना मात्र ४०एक्सच हवे. हे धोरण आधी ठरवायचे, मग सर्व्हर घ्यायचा. उलट करून चालणार नाही.

फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये निघते, हा प्रश्न एकाही सदस्याने विचारलेला नाही. प्रत्येक कंपनीचा आपला फॉरमॅट असतो, कोणाचा एसव्हीएस, कोणाचा एनडीपीआय, कोणाचा एमआरएक्सएस. एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये डायकॉम नावाचे सगळ्यांचे सामाईक मानक आहे, तसे काचांच्या चित्रांसाठीही २०१० पासून डायकॉममध्ये आहे. करारात दोन ओळी घालाव्यात: चित्रे डायकॉममध्ये काढून देण्याची सोय किमतीत धरलेली असावी, आणि करार संपला तरी आपलीच चित्रे बघण्यासाठी दरसाल लायसन्सचे पैसे भरावे लागू नयेत. क्यूपाथसारखे मोफत सॉफ्टवेअर बहुतेक फॉरमॅट उघडते. डेमोच्या दिवशी आमच्या काचेची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन आमच्याच कॉम्प्युटरवर क्यूपाथमध्ये उघडून दाखवा, असे कंपनीला सांगावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि पुढच्या दहा वर्षांचा प्रश्न सुटतो.

एका कोटेशनमध्ये बारीक अक्षरात "केवळ संशोधनासाठी" असे छापलेले आहे. ते यंत्र संशोधनाला उत्तम असेल, पण पेशंटच्या निदानासाठी ते बनवणाराच वापरा म्हणत नसेल, तर मी त्यावरून रिपोर्ट कसा देऊ? मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ खालचे नोंदणीचे कागद तिघांकडूनही मागवावेत.

आता ज्या प्रस्तावाने मला सगळ्यात वाईट वाटले, त्याविषयी. एका कंपनीने आपला पाच जणांनी एकत्र बघायचा मल्टिहेड मायक्रोस्कोप आणि दोन जुने मायक्रोस्कोप बायबॅकमध्ये घेऊन किंमत कमी करून देऊ, असे म्हटले आहे. तक्त्यात ते "बचत" म्हणून दाखवले आहे. हे कृपा करून करू नका.

आपल्या आसपास दगडाच्या खाणी आणि क्रशर आहेत. तिथले कामगार छातीच्या तक्रारी घेऊन येतात. कोणाला क्षय असतो, कोणाच्या फुप्फुसात दगडाची धूळ बसलेली असते, काहींना दोन्ही. क्षयाचा जंतू झील-नील्सन स्टेनवर ऑइल लावून १००एक्सच्या लेन्सखाली शोधावा लागतो. तो अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही बारीक जाडीचा असतो, आणि काचेवर दोन-चारच असतील तर कोरड्या ०.७५ च्या लेन्सने घेतलेल्या चित्रात तो सापडण्याचा भरवसा मी देऊ शकत नाही. दगडाच्या धुळीचे कण पोलराइज्ड प्रकाशात चमकतात म्हणून ओळखू येतात. किडनीत साचणारे अमायलॉइड नावाचे प्रथिन काँगो रेड हा रंग लावून पोलराइज्ड प्रकाशातच हिरवट दिसते. नेहमीच्या स्कॅनरमध्ये ही सोय नसते. एफएनएसीच्या, म्हणजे बारीक सुईने ओढून काचेवर पसरलेल्या पेशींच्या, स्मिअरमध्ये पेशींचे पुंजके एकावर एक, वरखाली बसलेले असतात. आम्ही बोटाने फोकसचे चाक हलवत त्यातून खाली-वर जातो. स्कॅनरला तेच करायचे तर त्याच जागेची अनेक थरांत चित्रे घ्यावी लागतात, आणि प्रत्येक थरामागे वेळ आणि फाइल दोन्ही वाढतात. म्हणून मायक्रोस्कोप राहणार. निदान मी इथे आहे तोवर मी त्यासाठी भांडणार आहे.

यंत्र कुठे ठेवायचे? तक्त्याखाली "जुनी स्टोअर रूम" असे लिहिले आहे. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे जनरेटर आहे. लाइट गेली की जनरेटर सुरू होतो आणि त्या खोलीतल्या टेबलावर ठेवलेल्या ग्लासातले पाणी थरथरते. हे मी स्वतः ग्लास ठेवून पाहिले. जे यंत्र मायक्रॉनच्या हिशेबात काच सरकवते, त्याच्या चित्रात ती थरथर पट्ट्यांच्या जोडावर दिसणारच. आणि आपला उन्हाळा! मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, लू चालते, आंधी आली की बंद खिडकीच्या फटीतूनही टेबलावर धुळीचा थर बसतो. वरच्या मजल्यावरची, सेंट्रिफ्यूज नसलेली ईशान्येची खोली मिळावी. एसी, ऑनलाइन यूपीएस आणि दाराला नीट सील, एवढे यंत्र येण्याआधी व्हायला हवे.

पण मला वाटते, यंत्राइतकाच पैसा यंत्राच्या आधीच्या कामावर लागणार आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आपला मायक्रोटोम, म्हणजे पापुद्रे कापायचे यंत्र, जुना झाला आहे. एक ब्लेड आम्ही हवे त्यापेक्षा जास्त दिवस चालवतो. त्याने पापुद्र्यावर बारीक रेघा उमटतात. मायक्रोस्कोपखाली आमचे डोळे त्या रेघा ओलांडून पाहायला शिकले आहेत. स्कॅनर तसा शिकलेला नसतो, तो रेघेवर किंवा पापुद्र्याच्या घडीवर फोकस धरतो आणि शेजारचा सपाट भाग धूसर सोडतो. कव्हरस्लिपखाली हवेचा बुडबुडा राहिला, डीपीएक्स कडेने बाहेर येऊन वाळला, कव्हरस्लिप काचेच्या बाहेर अर्धा मिलिमीटर आली, तर काच यंत्राच्या ट्रेमध्ये अडकते, कधी फुटतेही. भाऊ दुपारी चार वाजता रंगवलेल्या काचा पाच वाजता माझ्या टेबलावर ठेवतात, तेव्हा त्यांचे डीपीएक्स ओलेच असते. मला त्याने फरक पडत नाही, यंत्राला पडतो. म्हणजे काचा वाळवायला वेळ किंवा हॉट प्लेट, कडा पुसायला माणूस, बारकोड छापायला प्रिंटर. नवा मायक्रोटोम आणि ब्लेडचा नियमित पुरवठा यांसाठी मला या बजेटमधून हिस्सा हवा आहे. देणगीदार कुटुंबाला मी हात जोडून सांगते, आईंच्या नावाची पाटी स्कॅनरवर लागेल. पण त्याचे चित्र चांगले येणार की नाही, हे त्या मायक्रोटोमवर ठरणार आहे.

आणि माणूस. प्रस्तावात "अतिरिक्त मनुष्यबळ: शून्य" असे आहे. काचा लावणारा, पुसणारा, सकाळी आल्यावर रात्री झालेले प्रत्येक चित्र उघडून तुकडे मोजणारा, धूसर असेल तर पुन्हा लावणारा, असा एक शिकलेला टेक्निशियन पूर्ण वेळ हवा. भाऊंना निवृत्तीला अडीच वर्षे राहिली आहेत. त्यांच्या हाताखाली आत्ताच एक मुलगा किंवा मुलगी घ्या. त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

सहकारी डॉक्टर विचारतात, पडद्यावरून दिलेले निदान काचेइतके खरे असते का. याचे उत्तर आता बऱ्यापैकी आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये पहिल्यांदा एका कंपनीच्या, फिलिप्सच्या, प्रणालीला प्राथमिक निदानासाठी परवानगी दिली. त्यामागच्या अभ्यासात १,९९२ केसेस १६ पॅथॉलॉजिस्टनी काचेवर आणि पडद्यावरही पाहिल्या. मूळ निदानापासून मोठा फरक पडद्यावर ४.९ टक्के आणि काचेवर ४.६ टक्के निघाला. म्हणजे नीट केले तर पडदा काचेच्या बरोबरीने उभा राहतो. "नीट केले तर" हे मात्र आपल्या लॅबमध्ये सिद्ध करायचे असते. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सच्या मार्गदर्शनाप्रमाणे एका कामासाठी किमान ६० केसेस, त्याच डॉक्टरने एकदा काचेवर आणि एकदा पडद्यावर, मध्ये कमीत कमी दोन आठवडे जाऊ देऊन, पाहायच्या. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसारखे (पेशींतली विशिष्ट प्रथिने रंगवून दाखवणारी तपासणी) वेगळे काम असेल तर आणखी २०. जुळणी ९५ टक्क्यांच्या खाली गेली तर कारण शोधायचे. हे करायला आम्हाला तीन महिने लागतील. उद्घाटन गणपतीत करायचे असे ठरते आहे, त्याला माझी हरकत नाही. पण त्या दिवसापासून काचा बंद, असे कोणी जाहीर करू नये.

दोन गोष्टी पटकन. स्कॅनर काचेच्या लेबलचाही फोटो घेतो आणि तो फाइलमध्येच राहतो. आपण लेबलवर पेशंटचे नाव लिहितो. ती फाइल बाहेर पाठवली की नावही गेले. म्हणून लेबलवर नाव बंद, फक्त नंबर आणि बारकोड, आणि पाठवताना लेबलचे चित्र काढून टाकण्याची सोय. दुसरे म्हणजे, एआय कर्करोग आपोआप शोधून देते असे जे सादरीकरणात दाखवले, त्यासाठी आत्ता एक रुपयाही जास्त देऊ नये. आमच्या रंगाच्या, आमच्या ब्लेडच्या काचांवर ते काय करते हे आधी आम्ही पाहू.

सर्व्हिसविषयी माझा अनुभव कडवट आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याकडचे दुसरे एक यंत्र एका सुट्या भागासाठी अकरा आठवडे झाकून पडले होते. इंजिनिअर दुसऱ्याच दिवशी दिल्लीहून आला होता, पण तो भाग देशातच नव्हता. दिल्ली आपल्याला सव्वातीनशे किलोमीटर, सकाळच्या गाडीने माणूस दुपारच्या आत पोहोचतो. तेव्हा "इंजिनिअर चोवीस तासांत" या आश्वासनाने हुरळून जाऊ नये. कोणते सुटे भाग भारतात ठेवलेले असतात त्यांची यादी, वर्षाला यंत्र किती दिवस बंद चालेल त्याची मर्यादा आणि त्यापुढे दंड, हे वॉरंटीनंतरच्या पाच वर्षांच्या सीएमसीच्या (सर्वसमावेशक देखभाल कराराच्या) दरासह आत्ताच लिहून घ्यावे. खरेदीनंतर आपल्या हातात भाव करण्यासारखे काही उरत नाही.

माझी मागणी एवढीच आहे की तिन्ही कंपन्यांनी आपापले यंत्र आपल्या लॅबमध्ये किमान दोन आठवडे ठेवावे, आणि निर्णय त्यानंतर व्हावा. एखादी कंपनी त्याला तयार नसेल, तर आपल्या काचा घेऊन भाऊ आणि मी त्यांच्या दिल्लीच्या केंद्रावर जाऊ, प्रवासखर्च आम्ही करू.

त्यासाठी भाऊंनी एक डबा भरून ठेवला आहे. त्यात ४० काचा आहेत, आणि मुद्दाम आमच्या सगळ्यात चांगल्या नाहीत. ती सात तुकड्यांची स्तनाची काच आहे. केराटिनचे पापुद्रे उडालेली गालाची बायोप्सी आहे. कॅल्शियम काढलेले हाड आहे, ज्याचा रंग नेहमीच फिका येतो. रेषेएवढी बारीक ब्राँकोस्कोपीची बायोप्सी आहे, जिचा एक तुकडा अगदी कव्हरस्लिपच्या काठाला गेला आहे. २००९ सालची, रंग उडालेली काच आहे. घडी पडलेली आहे, बुडबुड्याची आहे, मार्करचा ठिपका असलेली आहे, आणि दोन इम्युनोच्या, ज्यांत निळा रंग इतका हलका आहे की नुसत्या डोळ्याला काच कोरी वाटते. प्रत्येक काचेवर किती तुकडे आहेत, ते भाऊंनी पेन्सिलने एका वहीत लिहून ठेवले आहे. ती वही यंत्रवाल्याला आधी दाखवायची नाही.

ज्या दिवशी पहिले यंत्र येईल, त्या दिवशी सकाळी नऊला लॅब उघडी असेल. समितीतले निदान दोन जण दोन तास काढून यावेत, आणि देणगीदार कुटुंबातले कोणी ग्वाल्हेरला असेल तर त्यांनीही यावे. खुर्च्या मी मांडून ठेवीन. मोजणीची वही तुमच्यापैकी कोणीतरी हातात धरावी.

आपली नम्र,
आपल्याच पॅथॉलॉजी विभागातली एक डॉक्टर
लष्कर, ग्वाल्हेर